लास्ट किती

व्यायामाची सायकल विकायला काढली.
फोटोआधी तिच्यावरचे दोन टॉवेल उतरवले,
लिहिलं: जेल रोड, नाशिकरोड. फारशी वापरलेली नाही.
हे खरंच होतं. शशिकला तिच्यावर अकरा दिवस बसली,
बाराव्या दिवशी गुडघा नको म्हणाला,
तेव्हापासून चार वर्षं कपडे वाळतायत.
किंमत साडेचार हजार.

पहिल्या तासात नऊ जण.
"आहे का?" "आहे."
एवढ्यावरच गायब.
"लास्ट किती?" ना नाव, ना नमस्कार,
बेल वाजवून पळणाऱ्या पोरांसारखं.
एकाने थेट लिहिलं, बाराशे.
मी विचारलं, नुसती सीट हवी का?
एक म्हणे मी आर्मीत, देवळाली कॅम्पला,
भाव मान्य, कोड पाठवतो, फक्त स्कॅन करा.
चौतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये काढली, बाबा,
खोटा कागद बोटांना कळतो.
काचेवर बोट नुसतं घसरतं.
भाचा शेजारी होता म्हणून वाचलो.

प्रेसमध्ये ताव मोजायचे, पुन्हा मोजायचे,
सुटी झाली की खिसे तपासून गेटबाहेर.
आत तो पैसा नव्हताच,
ओल्या शाईच्या वासाचा कागद होता.
बाहेर मेथीच्या जुडीमागे दोन रुपये सोडवले
की मग तो पैसा व्हायचा.

पाथर्डी फाट्याहून हर्षदा गांगुर्डे.
तिने आधी भाव विचारलाच नाही.
पॅडल फार घट्ट आहे का?
पाय अडकवायला पट्टा आहे का?
मग तीन हजार. मी चार.
ती, टेम्पो माझ्या अंगावर.
मी, आणि तीन जिने उतरवायचे ते?
रात्री साडेअकराला चौतीसशेवर तुटलं.
मला वाटलं मी जिंकलो. तिलाही तसंच वाटलं असणार,
नाहीतर सौदा कसला.

रविवारी ती छोट्या हत्तीतून आली, वडिलांना घेऊन.
पुंजाराम गांगुर्डे. दिंडोरी रोडच्या मार्केटात
कोथिंबिरीचा लिलाव पुकारायचे, शेकड्यावर.
फेब्रुवारीत उजवी बाजू गेली
आणि तिच्यासोबत तोंडातले शब्द.

पार्किंगमध्येच त्यांना सीटवर बसवलं,
तिने उजवा पाय पट्ट्यात अडकवला.
डावा फिरला, उजवा मागोमाग ओढत गेला.
चार फेऱ्या. मग माझ्याकडे बघून ते म्हणाले,
"म्हाग."

हर्षदाचा हात हँडलवरच राहिला.
"काय म्हणालात, आप्पा?"
"म्हाग हाये."

मी लगेच हो म्हणालो असतो
तर माणूस तिथेच मिटला असता.
"नाही परवडत," मी म्हणालो.
"तीन."
"तीन काय? तीनशे?"
"ह… हजार."
"तीन हजारात कोण देतं? नवीन बघा जाऊन."
"पट्टा," ते म्हणाले, "पट्टा फाटका."
पट्टा खरंच फाटका होता.
फोटोत ती बाजू मी भिंतीकडे केली होती.

मी ताणत राहिलो, पन्नासाने, पंचवीसाने,
आयुष्यात कधी केला नाही इतका चिवटपणा केला.
वॉचमन म्हणाला, जाऊ द्या ना काका, आजारी माणूस.
त्याला काय सांगू?
एकतीसशेला पुंजारामांनी
डाव्या हाताने हँडलवर थाप मारली.
एक वार. दोन वार.
तिसऱ्याला वेळ लागला. आम्ही थांबलो.

पैसे आले, टुंग.
हातात कागद नाही,
अंगठा तरी सवयीने बोटांवर फिरला.

वर आलो तर शशिकला म्हणाली,
तीनशे सोडलेत? आणि टॉवेल कुठे घालू आता?
तेवढ्यात फोन. "लास्ट किती?"
विकली, मी लिहिलं.
"केवढ्याला?"
चार हजार, लिहिलं,
आणि पाठवून दिलं.